इंग्रजीचा रोजचा रियाज

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, इंग्रजीचं व्याकरण आणि शब्दसंग्रह कसा वाढवावा, यावर बोलायला मला सांगितलं आहे. मघाशी चहा घेताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला गाठलं आणि विचारलं, "सर, कोणता क्लास लावू? कोणतं पुस्तक घेऊ? फोनमध्ये कोणतं ॲप चांगलं?" या प्रश्नांकडे मी येणार आहे. पण त्याआधी दुसरा एक प्रश्न. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे इथं बसलेले बहुतेक जण दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेले आहेत. परीक्षाही पास झालेले आहेत. तरी समोर इंग्रजीत छापलेला एक कागद आला, की आपण तो शेजारच्या हुशार मुलाकडे नेतो किंवा एजंटवर विश्वास ठेवून सही करतो. असं का होतं?

माझ्या मते कारण सोपं आहे. आपण इंग्रजी मार्कांसाठी शिकलो, कामासाठी वापरलं नाही. व्याकरण म्हणजे रिकाम्या जागा भरा, शब्दसंग्रह म्हणजे समानार्थी शब्द पाठ करा. व्याकरणाने आपल्या पगाराचा, घराचा किंवा हक्काचा निकाल लागू शकतो, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

'मे' आणि 'शॅल'

कोकणातल्या आणि मुंबई-ठाण्याकडच्या आपल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी आखातात नोकरीला गेलेलं आहे. जाताना करारनामा हातात येतो. समजा त्यात राहण्याच्या जागेबद्दल एक ओळ आहे : 'द कंपनी मे प्रोव्हाइड अकोमोडेशन'. दुसऱ्या एका करारात ओळ आहे : 'द कंपनी शॅल प्रोव्हाइड अकोमोडेशन'. फरक एका शब्दाचा. 'शॅल' म्हणजे कंपनीला जागा द्यावीच लागेल. 'मे' म्हणजे कंपनीच्या मनात आलं तर देईल, नाही तर तुमचं भाडं तुम्ही भरा. एजंट दोन्ही ओळी वाचून सांगेल, "राहायची सोय आहे." शाळेत आपण 'मे' आणि 'शॅल' एकाच धड्यात शिकलो, सहायक क्रियापदं म्हणून. पण त्या धड्याची किंमत महिन्याला किती पैशांची असू शकते, ते इथं कळतं.

आणखी एक ओळ बघा. 'अन अमाउंट विल बी डिडक्टेड फ्रॉम द सॅलरी'. पगारातून रक्कम कापली जाईल. कोण कापणार? किती? कशासाठी? वाक्यात काहीच नाही. हा कर्मणी प्रयोग. यात करणाऱ्याचं नाव न घेताही वाक्य पूर्ण होतं. म्हणून कागदावर कर्मणी प्रयोग दिसला, की पेन्सिलने खूण करायची आणि बाजूला लिहायचं : कोण? 'अनलेस' हा शब्द दिसला तरी थांबायचं. त्यात 'नॉट' दिसत नाही, पण नकार आत लपलेला असतो. 'अनलेस यू इन्फॉर्म अस' म्हणजे 'तुम्ही आम्हाला कळवलं नाहीत तर'.

आता नोकरीच्या पलीकडचं उदाहरण घेऊ. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात निकाल दिला. त्यावर आपल्या मोहल्ल्यात, घरात, व्हॉट्सॲपवर किती बोललं गेलं! पण निकाल उघडून वाचलेली माणसं किती? न्यायालयाचा अंतिम आदेश अगदी छोटा आहे. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तलाक-ए-बिद्दतची प्रथा रद्द ठरवली, एवढंच तो सांगतो. त्यासाठी इंग्रजीत क्रियापद वापरलं आहे 'सेट असाइड'. 'सेट' म्हणजे ठेवणं, 'असाइड' म्हणजे बाजूला. ज्याला सुटे शब्द येतात, तो म्हणेल की न्यायालयाने विषय बाजूला ठेवला. कायद्याच्या भाषेत अर्थ आहे रद्दबातल ठरवणं. दोन ओळखीचे शब्द जोडले गेले, की तिसराच अर्थ तयार होतो.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या ३४८व्या कलमानुसार इंग्रजी आहे. काही निकालांची मराठी भाषांतरं आता मिळू लागली आहेत, ही चांगली गोष्ट. तरी मूळ मजकूर इंग्रजीच राहतो. आपल्या आईच्या, बहिणीच्या आयुष्यावर परिणाम करणारा कागद दुसऱ्याच्या सांगण्यावरून का समजून घ्यायचा?

आणि हेही सांगतो, की सगळीकडे इंग्रजी लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही मराठीत करू शकता, २००५च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. कुणी म्हणालं, "इंग्रजीत आणा," तर कायदा दाखवा. जिथं मराठीत हक्क आहे तिथं तो मराठीतच वापरायचा. जिथं इंग्रजीशिवाय दार उघडत नाही, तिथं किल्ली आपल्या खिशात पाहिजे.

आपल्याजवळ आधीच काय आहे

इंग्रजीच्या बाबतीत आपल्या मुलांना दोन्हीकडून टोमणे बसतात. घरात उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या मराठीला शाळेत हसतात. मराठी शाळेत शिकल्यामुळे त्याच्या उर्दूला नातेवाईक हसतात. मग इंग्रजी बोलायची वेळ आली, की तो तोंडच उघडत नाही. मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. तिथं माझा अनुभव उलटा आहे. दोन भाषा जगलेल्या मुलांना तिसरी भाषा सोपी जाते. फक्त आपल्याजवळ काय आहे हे त्यांना दाखवावं लागतं.

उच्चारांपासून सुरुवात करू. 'झू', 'झिरो' यांतला इंग्रजी आवाज उर्दू बोलणाऱ्या घरात रोज ऐकू येतो, जमीन आणि जिंदगी म्हणताना. 'फॅन' आणि 'फोन'मधला आवाजही उर्दूने दिलेला आहे. याउलट, बरेच उर्दू-हिंदी भाषक 'स्कूल'ला 'इस्कूल' आणि 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणतात. मराठीत आपण स्नान, स्पष्ट, स्थळ हे शब्द सहज उच्चारतो, त्यामुळे 'स्कूल' म्हणायला मराठी जिभेला त्रास नाही. एक आवाज घरातून मिळाला, एक शाळेतून. दोन्ही वापरा.

शब्दांचंही तसंच. अर्ज, वकील, तारीख, कायदा, हुकूम हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले, की आज ते परके वाटत नाहीत. इंग्रजीही अशीच उसनवारीवर वाढलेली भाषा आहे. 'अल्जिब्रा' हा शब्द अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला आणि 'अल्गोरिदम' त्याच्याच नावावरून. 'मॅगझिन' हा शब्द अरबी 'मखज़न'चा वंशज, म्हणजे आपल्या खजिन्याचा नातेवाईक. 'खाकी' आणि 'पायजमा' उर्दूच्या वाटेने गेले. 'मंगूस' तर थेट आपलं मराठी मुंगूस आहे! ज्या भाषेत आपले इतके शब्द राहायला गेले आहेत, तिच्या दारात आपण लाजत का उभं राहायचं?

नेमकं कुठे अडतं

'माझं ग्रामर कच्चं आहे' असं सगळे म्हणतात. पण असं म्हणून काही सुधारत नाही. मराठी बोलणारा माणूस ठरावीक चार-पाच ठिकाणीच अडतो. ती ठिकाणं ओळखली, की निम्मं काम झालं.

पहिलं ठिकाण, शब्दांची जागा. 'कुत्र्याने मांजराला पकडलं' आणि 'मांजराला कुत्र्याने पकडलं', मराठीत दोन्हींचा अर्थ एकच. कारण कुणी पकडलं हे 'ने' सांगतो आणि कुणाला हे 'ला' सांगतो. इंग्रजीत हे काम जागा करते. क्रियापदाच्या आधी जो बसला तो करणारा, नंतर बसला तो भोगणारा. जागा बदलली की मांजर कुत्र्याला पकडतं. म्हणून लांब वाक्य वाचताना आधी क्रियापद शोधा. मग आधी बघून विचारा 'कोण?', पुढे बघून विचारा 'काय?' किंवा 'कुणाला?'. शब्दकोश नंतर उघडा.

दुसरं ठिकाण, 'पासून'. '२०१९पासून इथे राहतो' आणि 'पाच वर्षांपासून इथे राहतो', आपण दोन्हीकडे 'पासून' म्हणतो. इंग्रजीत सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स' आणि लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. म्हणजे 'सिन्स २०१९', पण 'फॉर फाइव्ह इयर्स'. शिवाय मराठीत 'राहतो' असा साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत, काल सुरू होऊन आज चालू असलेल्या गोष्टीला 'आय हॅव बीन लिव्हिंग' असं म्हणावं लागतं. मुलाखतीत अनुभव सांगताना हेच वाक्य लागतं, म्हणून ते जिभेवर बसवा.

तिसरं, 'हॅव'. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे गाडी आहे', 'मला ताप आहे' या तीन वेगळ्या रचनांना इंग्रजीत एकच रचना : 'आय हॅव'. इथं इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, तर त्याचा फायदा घ्या. मात्र 'मला भूक लागली' हे 'आय ॲम हंग्री' होतं. भूक इंग्रजीत लागत नाही, माणूसच भुकेला असतो.

चौथं, प्रश्न. 'ऑफिस कुठे आहे?' आणि 'ऑफिस कुठे आहे ते सांगाल का?' यात मराठी शब्द हलत नाहीत. इंग्रजीत पहिला प्रश्न 'व्हेअर इज द ऑफिस?' असा होतो. पण दुसऱ्यात 'कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?' असं 'इज' मागे जातं. दहा वेगवेगळी ठिकाणं घेऊन दहा वेळा मोठ्याने विचारा, कानाला सवय होते.

पाचवं, 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत 'मुलगा आला' एवढं पुरतं. इंग्रजीत तो कुणीतरी मुलगा आहे की आपल्या बोलण्यातला तोच, हे सांगावंच लागतं. स्वतःला विचारा : ऐकणारा 'कोणता?' असं विचारेल का? विचारणार असेल तर 'अ', त्याला ठाऊक असेल तर 'द'. याने सगळी उदाहरणं सुटत नाहीत, पण बरीच सुटतात. 'अ' की 'ॲन' हा घोळ तर देवनागरीच मिटवते. शब्द देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर 'ॲन', व्यंजनाने झाली तर 'अ'. 'अवर' अ-ने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' य-ने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'एमए'चा ए स्वर, म्हणून 'ॲन एमए'. इंग्रजी स्पेलिंग इथं फसवतं, आपली लिपी फसवत नाही.

शब्द जमवायचे कसे

शब्दसंग्रह म्हटलं की मुलं अवघड शब्दांच्या याद्या पाठ करतात. मायकल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते. ब्रिटिश काळात त्यांनी ढाक्यात काम केलं, बंगाली मुलांना इंग्रजी का जड जातं याचा अभ्यास केला. पुढे १९५३ साली त्यांनी सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुरातल्या दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द या यादीतच सापडतात. म्हणून आधी हे नेहमीचे शब्द पक्के करा. उरलेले शब्द तुमच्या कामाप्रमाणे येतील. नर्सिंग शिकणारीचे वेगळे, वायरमनचे वेगळे, कायदा शिकणाऱ्याचे वेगळे.

दुसरी गोष्ट, शब्द एकटा लिहू नका, जोडीने लिहा. आपण चूकही 'करतो' आणि गृहपाठही 'करतो'. इंग्रजीत 'मेक अ मिस्टेक', पण 'डू होमवर्क'. आपण फोटो 'काढतो', इंग्रज तो 'टेक' करतात. आपण मीटिंग 'घेतो', तिथं ती 'होल्ड' करतात. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येतं. पण 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. वहीत 'डिस्कस म्हणजे चर्चा करणे' असं लिहिलंत तर ही गोष्ट कळणार नाही. 'डिस्कस द प्रॉब्लेम' असं लिहिलंत तर आपोआप कळेल.

तिसरी गोष्ट, विसरण्याची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की नवी पाठ केलेली गोष्ट सुरुवातीला फार वेगाने विसरली जाते, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून एका रात्री शंभर शब्द पाठ करणं फुकट जातं. दहा शब्द घ्या. दुसऱ्या दिवशी बघा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी जोडी. मराठी बाजू बघून इंग्रजी आठवायचं. आलं तर चिठ्ठी मागे, नाही आलं तर पुढे.

रोजची चाळीस मिनिटं

आता तुमच्या प्रश्नांकडे. कोणतं पुस्तक? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरात असेल तर ठेवा, रेन अँड मार्टिन असेल तर तेही ठेवा. अडलं की बघायला ती चांगली आहेत. पण नियम वाचून भाषा येत नाही, जसा रागांची नावं पाठ करून गळा तयार होत नाही. रियाज लागतो. क्लास परवडत असेल तर जरूर लावा, परवडत नसेल तर अडून बसू नका.

दहा मिनिटं मोठ्याने वाचा. मनात वाचलं तर जीभ तयार होत नाही. दहा मिनिटं लिहा. फक्त पाच वाक्यं, आज प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींची. रेशन दुकानात काय झालं, बस का चुकली. दहा मिनिटं चिठ्ठ्या. दहा मिनिटं कुणाशी तरी बोला. फोनमधलं भाषांतर वापरायला हरकत नाही, पण आधी स्वतः लिहा आणि मग ताडून बघा. उलट केलंत तर सराव फोनचा होईल, तुमचा नाही.

बहिणींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. संध्याकाळचा क्लास लांब आहे, घरचे पाठवत नाहीत, फोन भावाकडे असतो, या अडचणी मला माहीत आहेत. त्या सुटेपर्यंत थांबू नका. एका गल्लीतल्या तिघी-चौघी मिळून आठवड्यातून तीन दिवस एका घरी बसा. एकीने वाचायचं, दुसरीने प्रश्न विचारायचे, तिसरीने लिहायचं. आणि भावांनो, फोन एक तास बहिणीला द्या. तो तिचाही हक्क आहे.

गटाला एक नियम असावा. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून चूक काढायची नाही. त्याचं पूर्ण होऊ द्या, मग एकच चूक सांगा, सगळ्यात महत्त्वाची. हसण्याने जितकी मुलं इंग्रजीपासून तुटली, तितकी कोणत्याही नियमाने तुटली नाहीत.

शेवटचा मुद्दा. इंग्रजी शिकलो तर मराठी जाईल, उर्दू जाईल, अशी भीती वडीलधाऱ्यांना वाटते. आपला इतिहास वेगळं सांगतो. सावित्रीबाई फुले यांनी १८५४च्या 'काव्यफुले' या संग्रहात मराठीतूनच इंग्रजी शिकण्याचं आवाहन केलं. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ साली गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली, ती इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी. बद्रुद्दीन तय्यबजी विलायतेत बॅरिस्टर झाले, परत आले आणि १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी करणाऱ्यांत होते. ही माणसं इंग्रजीकडे गेली आणि जे मिळालं ते घेऊन आपल्या लोकांकडे परत आली.

म्हणून तुम्हाला एक काम देतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरातला एक इंग्रजी कागद आणायचा. नोकरीचं पत्र, विम्याची पॉलिसी, बँकेची नोटीस, कॉलेजचा नियम, काहीही. त्यातली पाच वाक्यं निवडायची. क्रियापदाखाली रेघ, 'मे' आणि 'शॅल'भोवती गोल, कर्मणी प्रयोगाच्या बाजूला 'कोण?'. मग ती पाच वाक्यं आपल्या आईला समजतील अशा मराठीत किंवा घरच्या बोलीत लिहायची आणि तिला वाचून दाखवायची. तिने काही विचारलं आणि उत्तर देता आलं नाही, तर तो प्रश्न लिहून आणा. पुढच्या वेळी आपण त्याच प्रश्नांपासून सुरुवात करू.